शक्यतो नागपूरला

डोळे मिटून प्रार्थना करायची सवय ज्याला लहानपणापासून लागली आहे, त्याने डोंबिवलीत घर घेऊ नये. मी घेतलं. सकाळी आठच्या आतली मुंबईकडची गाडी फलाटात शिरत असताना मी खाली मान घालून 'हे स्वर्गातल्या बापा' म्हणायला सुरुवात करतो. 'बापा'पर्यंत खिडक्या गेलेल्या असतात, पुढच्या वाक्याला चौथ्या सीटा जातात आणि आमेनला गाडी. एकदा आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर गाडी नव्हती आणि माझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. गर्दीने मला चढू दिलं नव्हतं, चप्पल मात्र चढली होती.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "डुलकी लागली होती का हो?"

"नाही, प्रार्थना करत होतो."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "काय मागितलं होतं?"

"खिडकी."

ते काही बोलले नाहीत. नंतर बराच काळ ते माझ्यापासून दोन डबे लांब उभे राहत.

घरी बायकोने ऐकून घेतलं. ती वसईची, कॅथलिक. मी मूळचा नगरकडचा, प्रोटेस्टंट. आमच्यात देवाकडे थेट जायचं असतं, मध्ये कोणी नाही. तिच्याकडे कामाप्रमाणे खिडक्या आहेत. हरवलेल्या वस्तूंसाठी सेंट अँथनी, आशा सुटलेल्या कामांसाठी सेंट ज्यूड. इंग्रजी पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'सेंट ज्यूडचे आभार' अशा दोन ओळी आणि खाली नुसती आद्याक्षरं दिसतात ना, ती त्या खात्याची पोचपावती. चपलेचं प्रकरण तिने त्याच रात्री सेंट अँथनीकडे दिलं. तिसऱ्या दिवशी त्याच फलाटावर, त्याच खांबाशी, खरोखर डाव्या पायाची एक चप्पल पडलेली होती. नऊ नंबरची. मला सात लागतो.

"मागताना नंबर सांगितला होतास का?" मी विचारलं.

"तू खिडकी मागताना गाडी कुठली ते सांगतोस का?" ती म्हणाली. आमच्या घरातले धर्मशास्त्राचे वाद साधारण इथपर्यंत जातात आणि मग कुकरची शिट्टी होते.

तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतो. शास्त्रात तशी मनाई नाही, पाळकसाहेबांना विचारून घेतलंय. पण त्यात वेगळीच अडचण निघाली. मागताना समोरची माणसं दिसतात. मला बसायला मिळावं, म्हणजे त्या निळ्या शर्टवाल्याला मिळू नये, हे डोळे मिटलेले असताना कधी ध्यानात आलं नव्हतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा तिला १४ डबे होते आणि आत सुमारे ४०० पाहुणे. डब्याला तीससुद्धा नाहीत. आपल्या बाजूच्या गाडीत प्रत्येकाला बसायला मिळालं ते बहुधा तेवढंच. त्यानंतर आपण चौथी सीट शोधून काढली. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचं, अर्धा देह बाकावर आणि अर्धा श्रद्धेवर.

तर सीटपर्यंत ठीक होतं. यंदा जानेवारीत आमच्या ऑफिसात असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली.

जागा एक, उमेदवार दोन. एक मी, सतरा वर्षं नोकरी झालेला. दुसरा माझ्यामागून नऊ वर्षांनी लागलेला, कल्याणहून येणारा सहकारी. त्याला काम मी शिकवलं. मी ते नंतर विसरलो, त्याने लक्षात ठेवलं.

अशा वेळी ख्रिस्ती माणसाची पंचाईत होते. सहकाऱ्याने मला चहाच्या टपरीवर सरळ सांगितलं, "टिटवाळ्याला बोललोय. काम झालं की एकवीस मोदक." व्यवहार स्वच्छ, दर ठरलेला. आम्हाला शिकवलेलं असतं की देवाशी सौदा करायचा नाही. म्हणून आम्ही सौदा करत नाही, फक्त बोलता बोलता देवाच्या कानावर घालून ठेवतो की पगार वाढला तर दशांशही वाढेल.

त्यातून प्रतिस्पर्ध्याचं वाईट चिंतायला बंदी. शत्रूवरसुद्धा प्रेम करायचं, आणि हा तर शत्रूही नाही, रोज माझ्यासाठी कटिंग सांगणारा भला मुलगा. दोन रात्री खपून मी एक प्रार्थना तयार केली. 'प्रभू, त्यालाही यश दे. भरपूर दे. दुसऱ्या शाखेत दे. शक्यतो नागपूरला.'

आणि शेवटी अर्थातच, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. हे वाक्य नगरच्या आत्याने मला पाचव्या वर्षी शिकवलं. काहीही माग, पण शेवटी हे म्हणायचं. मी न चुकता म्हणतो. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत तो माणूस शेवटी बाजाराच्या जोखमीबद्दल एका श्वासात बोलतो ना, त्या चालीवर.

आत्या जानेवारीत आमच्याकडेच होती, मोतीबिंदूसाठी. एका शनिवारी आमच्या घरी कुटुंब प्रार्थना ठरली. वन बीएचकेच्या हॉलमध्ये चौदा माणसं, दोन मुलं, एक पेटी आणि 'उपासना संगीत'च्या पाच प्रती. गाणी झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची काही प्रार्थनेची विनंती? मी खाली बघत राहिलो. बायको म्हणाली, "यांच्या प्रमोशनसाठी."

प्रार्थनेच्या विनंतीचा वेग तुम्हाला ठाऊक नसेल. शनिवारी रात्री साडेनऊला आमेन झालं. रविवारी सकाळी दूधवाल्याने विचारलं, "साहेब, कधी आहे इंटरव्ह्यू?"

पण त्याआधी आत्याची प्रार्थना झाली. आत्याचं वैशिष्ट्य असं, की ती देवाशी बोलता बोलता बाकीच्यांशी बोलते. "हे प्रभू," ती म्हणाली, "या घराला आशीर्वाद दे. सुनेच्या हाताला चव दिली आहेस, मीठही थोडं दे. या लेकराला सोसायटीचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स भरायची बुद्धी दे. आणि याला मोठं करण्याआधी, प्रभू, याचा अहंकार मोडून टाक. पार चुरा कर." चौदा जण एका सुरात आमेन म्हणाले. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दारात चप्पल शोधत होत्या, त्यासुद्धा म्हणाल्या. त्या सोसायटीच्या खजिनदार आहेत.

मंडळी गेल्यावर मी आत्याला म्हटलं, "तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली," आत्या म्हणाली. आत्याच्या तोंडी 'टिळक' म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. लोकमान्यांना ती 'दुसरे टिळक' म्हणते. "एकवीस वर्षांची नोकरी, पगार सोडून दिला आणि देवाचा दरबार काढला. आणि तू चार हजारांसाठी चौदा माणसांना चहा पाजलास."

"सहा हजार," मी म्हणालो.

टिळकांचं नाव निघालं की माझी बाजू कमजोर पडते. ते लहानपणी चारेक वर्षं कल्याणला शाळेत होते, १८६९ ते १८७३, म्हणजे तसे आमच्याच लाइनचे. पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, हातात नवा करार दिला, आणि दोन वर्षांत, १० फेब्रुवारी १८९५ला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मध्य रेल्वेने सतरा वर्षं प्रवास करून मला सहप्रवाशांकडून मिळालेली गोष्ट म्हणजे एक नऊ नंबरची चप्पल.

तशी देवाने मला वर्षाच्या सुरुवातीलाच सूचना दिली होती. आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की बशीतून वचनाची एकेक चिठ्ठी उचलायची, ते वचन वर्षभर आपलं. लोकांना गरुडाचे पंख येतात, हिरवी कुरणं येतात. माझ्या चिठ्ठीत निघालं, की तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा सेवक व्हावं. मी आजूबाजूला पाहिलं आणि बायकोची चिठ्ठी मागितली. तिला हिरवी कुरणं आली होती.

"बदलतेस?"

"गेल्या वर्षी बदलली होती. तुझा हर्निया मला झाला."

आता तो हर्निया नव्हता, साधी पाठ धरली होती, पण साक्ष देताना माणूस थोडं वाढवतो.

इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मी शेवटचा उपाय केला. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, जिथे बोट तिथे उत्तर. पाळकसाहेबांना ही पद्धत मुळीच पसंत नाही, म्हणून त्यांना विचारलं नाही. पहिल्यांदा बोट वंशावळीवर पडलं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. यातून असिस्टंट मॅनेजर कोण झाला ते निघेना. दुसऱ्यांदा लेवीय, कुष्ठरोगाच्या तपासणीचे नियम. तिसऱ्यांदा मत्तय, अध्याय २०.

तो अध्याय नोकरदाराने इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री वाचू नये. सुरुवातीलाच द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच संध्याकाळी पाचला आलेल्यांना. जुने मजूर कुरकुर करतात तर मालक त्यांनाच विचारतो, माझे पैसे मी कोणाला किती द्यायचे हे तुम्ही ठरवणार का? आमच्या एचआरची भाषा दोन हजार वर्षं जुनी आहे हे मला तेव्हा कळलं.

जरा पुढे गेलो तर जब्दीच्या मुलांची आई. ही बाई दोन्ही मुलांना, याकोब आणि योहान यांना, घेऊन येशूकडे येते आणि म्हणते, तुमच्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे बसू द्या आणि एक डावीकडे. दोन हजार वर्षांपूर्वी, गाडी लागायच्या आधी, दोन सीटांवर रुमाल! मला ती बाई फार जवळची वाटली. येशू त्या मुलांना विचारतो, मी जो प्याला पिणार आहे तो तुम्हाला पिता येईल का? ते म्हणतात, येईल. प्याल्यात काय आहे हे दोघांपैकी एकही विचारत नाही. आपण मोबाइलवर अटी मान्य करतो तसं.

ठाण्यात एक सेंट जेम्स चर्च आहे, १८२५ सालचं, कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हस्ते झालेलं. दुसरं तलावपाळीचं सेंट जॉन. माझी वर्षानुवर्षं समजूत होती की हेच ते जब्दीचे दोन मुलगे, आणि आईच्या वशिल्याने दोघांना अखेर ठाण्यात का होईना, पण जागा मिळाली. हे मी आत्याला कौतुकाने सांगितलं. आत्याने डोळ्याची पट्टी सावरली. "तलावपाळीचा योहान वेगळा. तो बाप्तिस्मा करणारा. त्याचं मुंडकं छाटलं." थोडं थांबून म्हणाली, "प्याल्याचं म्हणशील, तर तो या ठाण्यात चार जणांना मिळाला होता. १३२१ साली."

ते मला माहीत होतं, सोयीने विसरलो होतो. चार फ्रान्सिस्कन साधू, टॉलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. निघाले होते केरळातल्या कोल्लमकडे, वाऱ्याने जहाज आणून सोडलं ठाण्याला. इथे चौघांनाही ठार मारलं. चुकीच्या फलाटावर उतरल्याची तक्रार त्यांनी केल्याची नोंद नाही. मी त्या रात्री बायबल मिटलं आणि प्रार्थनेतून नागपूर काढून टाकलं. सकाळी गाडीत उभं राहायला लागल्यावर परत घातलं.

इकडे बायकोने आपल्या बाजूने माहीम सुरू केलं होतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ सालापासून दर बुधवारी नोव्हेना असते. नऊ बुधवार, खंड पडता कामा नये. "मी प्रोटेस्टंट आहे," मी म्हटलं. "तू नुसता सोबत ये," ती म्हणाली, "मी तिकडे सांगते की हा माझ्याबरोबर आहे." मग काय, दर बुधवारी ती डोंबिवलीहून, मी फोर्टातून, माहीमला भेट, आणि परतताना दादरच्या पुलावरून मध्य रेल्वेकडे. तो पूल बुधवारी संध्याकाळी उतरणं हीच एक उपासना आहे. त्यात वैयक्तिक यश असं काही नसतं, सगळे एकत्र सरकतात.

चर्चबाहेर मेणाच्या आकृत्या मिळतात. ज्याचं जे दुखणं ते मेणाचं घ्यायचं आणि वाहायचं. हात, पाय, डोळे, बाळ, घर.

"प्रमोशनसाठी काय आहे?" मी विचारलं.

दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "प्रमोशन नाय. घर घ्या ना."

"घर आहे. खुर्ची आहे का?"

"खुर्ची कोण मागत नाय. डोकं देऊ?"

बायको हसली. मी म्हणालो, डोक्याची तक्रार नाही. शेवटी बाईंनी टोपलीतून एक वीतभर उंच मेणाचा माणूस काढला. "हा पूर्ण माणूस. याच्यात सगळा येते." मी पूर्ण माणूस घेतला. डोंबिवलीहून फोर्टात जाणाऱ्याला पूर्ण माणूस परवडतो तेवढा एकदाच.

इंटरव्ह्यूपेक्षा त्याआधीचा फॉर्म जास्त अवघड होता. स्वतःलाच गुण द्यायचे, पाचपैकी. कामाची जाण, नेतृत्व, वक्तशीरपणा. मी पेन उचललं आणि डोळ्यांसमोर परुशी आला. देवळात उभा राहून आपल्याच गुणांची यादी वाचणारा तो. मागे उभा राहून छाती बडवणाऱ्या जकातदाराला देवाने जवळ केलं, परुशाला नाही. मी सगळीकडे तीन लिहिले. वक्तशीरपणाला दोन, कारण मध्य रेल्वे. 'इतर काही' या रकान्यात लिहिलं, 'अजून पुष्कळ शिकायचं आहे.' लिहून झाल्यावर इतकं नम्र वाटलं की तो कागद मी दोन वेळा वाचला.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट केला. "तुम्हीच स्वतःला तीन दिलेत, तर आम्ही चार कुठल्या तोंडाने देणार?"

"सर, ती नम्रता आहे."

"मग तसा रकाना हवा होता," ते म्हणाले. "त्यात पाच द्यायचे."

सहकाऱ्याने सगळीकडे पाच दिले होते. वक्तशीरपणालासुद्धा, आणि तो कल्याणहून येतो.

निकाल एका गुरुवारी लागला. निकाल काय लागला ते तुम्हाला कळलंच आहे. मी जागेवरून उठून त्याचं अभिनंदन केलं. ते मनापासून होतं, निदान हात तरी मनापासून हलवला. दुसऱ्या दिवशी तो टिटवाळ्याचे मोदक घेऊन आला. माझ्या हातावर दोन ठेवले आणि हळूच म्हणाला, "दादा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"नुसतं टिटवाळा नाही. मी सहा बुधवार माहीमलाही गेलो. आई म्हणाली, तिथे सगळ्या धर्माचे लोक जातात, जाऊन बघ. बाहेर त्या बाई म्हणाल्या खुर्ची नसते, म्हणून मग..."

"पूर्ण माणूस घेतलास."

"तुम्हाला कसं कळलं?"

घरी आल्यावर मी बायकोसमोर उभा राहिलो. "सात बुधवार. मी तुझ्याबरोबर आहे असं तू तिकडे सांगितलं होतंस ना?"

तिने शांतपणे पोळी उलटली. "सांगितलं होतं की. तू अर्जात काय लिहिलं होतंस?"

"माझं प्रमोशन."

"आणि त्याचं?"

मी जरा वेळ थांबून म्हणालो, "त्यालाही यश दे. भरपूर दे."

"दिलं की," ती म्हणाली. "नागपूर तेवढं राहिलं."

पुढच्या शनिवारी परत कुटुंब प्रार्थना होती. झालं ते मंडळीला सांगणं भाग होतं. मी उभा राहून सांगितलं, की जागा दुसऱ्याला मिळाली, फॉर्ममध्ये मीच मला कमी गुण दिले, आणि नवा साहेब सोमवारपासून माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बसेल. कोणी काही बोलेना. पेटीवाल्यांनी उगाच भाता दाबला. मग आत्याने दोन्ही हात वर केले. आता तिला दोन्ही डोळ्यांनी छान दिसत होतं.

"प्रभू, तुझे उपकार," ती म्हणाली. "आम्ही चौदा जणांनी मागितलं आणि तू ऐकलंस. पार चुरा केलास."

सगळे आमेन म्हणाले. समोरच्या काकूही आल्या होत्या, आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. मेंटेनन्स मी त्या सकाळीच भरला होता.

नोव्हेनाचा एक बुधवार अजून बाकी आहे. बायको म्हणते अर्धवट सोडायची नाही, मग काम होवो न होवो. सहकाऱ्याचे दोन बाकी आहेत, तोही येतो, हल्ली आम्ही फोर्टातून बरोबरच निघतो. मी त्याला 'सर' म्हणायला लागलो तर तो लाजतो. गेल्या बुधवारी दादरला त्याने पळत जाऊन चौथी सीट पकडली आणि मला हाक मारून दिली, स्वतः कल्याणपर्यंत उभा. मी बसलो. तुमच्यापैकी कोणी या बुधवारी संध्याकाळी दादरहून कल्याणकडे येणार असेल आणि खिडकीशी जागा मिळाली, तर पाचेक मिनिटं त्याच्यासाठी उठा. आणि सात नंबरची, डाव्या पायाची, तपकिरी पट्ट्यांची चप्पल कोणाला दिसली तर तेही कळवा.